पाचपैकी पाच

बीरगांव, रायपूर
रविवार, ५ जानेवारी २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.

आईनं सांगतलं का तुम्ही कानाचं मशीन कपाटात ठेवून देता अन् फोनवर नुसतं "हाव, हाव" म्हणता. मागच्या महिन्यात मी तुमाले नोकरी लागल्याचं फोनवर सांगतलं, तर तुम्ही म्हणाले, "तब्येतीची काळजी घे." म्हणून आता पत्र लिहून राहिली.

तर मामा, मले खरंच नोकरी लागली. दोनच महिन्यांची आहे. युनिव्हर्सिटीत समाजकार्याचे भार्गव सर आहेत, त्यांचा प्रकल्प. बीरगांवच्या पुढे, उरला भागातल्या कारखान्यांच्या अलीकडे, एक अ‍ॅडव्हेंटिस्ट शाळा आहे अन् तिचं मुलींचं होस्टेल. अ‍ॅडव्हेंटिस्ट म्हणजे ख्रिश्चनच, पण रविवारऐवजी शनिवार पाळणारे. त्यांच्या समितीनं सरांले विचारलं, का आमच्या पोरी अन् आमची मंडळी सुखात आहेत का, हे जरा शास्त्रशुद्ध पाहून द्या. ते पाहाले मी आली. होस्टेलातच एक खोली देली आहे.

इथं सगळं चांगलं आहे, फक्त चहा नाही. मले वाटलं संपला असंल. तसं नाही. चहा, कॉफी, तंबाखू, मटन, काहीच चालत नाही. शरीर देवाचं मंदिर आहे, म्हणे. सकाळी भाजलेल्या गव्हाचं एक काळं पाणी देतात. ते कपात पाहून जीव वर येतो अन् तोंडात गेल्यावर खाली बसतो.

शुक्रवारी सूर्य मावळला का घंटा होते, अन् शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत सगळं काम बंद. याले इथं सब्त म्हणतात. मले हे कोणी सांगतलं नव्हतं. काल शनिवारी सकाळी मी फॉर्मचा गठ्ठा घेऊन चर्चात गेली, का सगळे एकाच जागी सापडतील. वॉर्डन तिग्गा मॅडम जशपूरकडच्या आहेत, पन्नाशीच्या. आवाज हळू, पण त्या आवाजानं पोट्ट्या भिंतीले चिकटतात. त्यांनी मले बाजूले घेतलं अन् आज काम करत नाहीत म्हणून सांगतलं. मी म्हटलं, मी कुठं काम करून राहिली, नुसते फॉर्म भरून घेते. त्या म्हणाल्या, फॉर्म भरणं काम आहे अन् भरून घेणं त्याहून मोठं काम आहे. मग माझा गठ्ठा त्यांच्या कपाटात गेला, अन् मी सगळ्यांसोबत गाणी म्हणून, पोटभर जेवून परत आली.

फॉर्मात चाळीस प्रश्न आहेत. "मी आनंदी असते", "मला मैत्रिणी आहेत", असे. पुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पुरेपूर. इथं रविवारी शाळा भरते, तर आज बासष्ट पोट्ट्यांले फॉर्म वाटले. निकाल कळवीन.

तुम्ही कसे आहा? मामीले जाऊन सव्वा वर्ष झालं अन् मी एकदाही गोंदियाले आली नाही, याची लाज वाटते.

तुमची,
चेतना


गोंदिया
दि. ११ जानेवारी २०२५

चि. चेतना हीस,
हिरालालचे अनेक आशीर्वाद व जय भीम.

तुझे दि. ५ चे पत्र दि. १० रोजी पोचले. रायपूर ते गोंदिया पाच दिवस. आमच्या वेळी माणूस तीन तासांत येत असे. असो. नोकरीचे वाचून अत्यंत आनंद झाला. त्या दिवशी फोनवर मला तुझा खोकला वाढल्याचे ऐकू आले होते.

एक विचारतो, राग मानू नये. ही मंडळी माणसाला पाण्यात बुडवून आपल्यात घेतात, असे ऐकून आहे. तुला पोहता येत नाही. तेव्हा तळे, टाके, हौद यांच्या काठी उभे राहू नये. बाकी त्यांचे जेवण जेवावे, गाणी म्हणावीत, त्याने कोणाचे काही बिघडत नाही. कोणी विचारले तर आम्ही बौद्ध आहोत असे सांगावे आणि भाजी आणखी मागावी.

तुझे काम म्हणजे माझेच काम आहे. चौतीस वर्षे मी गाडीत तिकीट तपासले. अनुभवाची एक गोष्ट सांगतो. बिनतिकीट प्रवासी साधा झोपत नाही, तो फार चांगला झोपतो. खरा झोपलेला माणूस हलवल्यावर चिडतो. हा मात्र हसतमुखाने उठतो व "नमस्ते साहेब" म्हणतो. म्हणून जो सर्व ठीक आहे असे फार ठीक सांगतो, त्याच्याकडे परत यावे.

माझे उत्तम चालले आहे. पहाटे पाचला उठून स्टेशनपर्यंत फिरून येतो. दोन्ही वेळचे जेवण वेळेवर. शेजारचे बाबाराव रोज दुपारी आपला डबा घेऊन येतात, आम्ही सोबत जेवतो, मग बुद्धिबळ. आमचा चिरंजीव प्रशिक पुण्याहून दर रविवारी फोन करतो व मी त्याला सर्व गोष्टींना हो म्हणतो. बहुधा मी पुण्याला राहायला जायचे कबूल केले आहे. भूक चांगली लागते. पँटी नव्या शिवाव्या लागतील असे दिसते. काळजीचे कारण नाही.

तुझा,
हिरालाल मामा


बीरगांव
रविवार, १९ जानेवारी २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.

हौदाची काळजी करू नका. चर्चामागं एक टाकं आहे, पण सध्या त्यात पोट्ट्यांच्या चादरी भिजून राहिल्या.

निकाल आला. बासष्टच्या बासष्ट पोट्ट्यांनी चाळीसच्या चाळीस प्रश्नांले पाच दिले. "मी आनंदी असते": पाच. "मला एकटीला रडायला येते": पाच. "मला जेवण जात नाही": पाच. म्हणजे या पोट्ट्या पुरेपूर आनंदात, उपाशीपोटी, दिवसभर रडून राहिल्या. भार्गव सरांले फोन केला. त्यांनी मले सगळे आकडे दोनदा वाचाले लावले. मग म्हणाले का बावीस वर्षांत त्यांनी असं पाहिलं नाही, तर आधी हे जपून ठेव अन् मग परत भरून घे.

नववीत पिंकी म्हणून एक आहे, कोरब्याची. बाप कोळशाच्या खाणीत डंपर चालवतो. पोट्टी बोलकी. तिनं मले समजावून सांगतलं, "दीदी, पाच में से पाच मतलब फुल नंबर न? तिग्गा मैम बोलीं, हॉस्टल की नाक नहीं कटनी चाहिए।" पुढच्या बाकावरच्या हुशार पोट्ट्यांनी पाच लिहिले अन् मागच्यांनी त्यांचे पाहून लिहिले. नाव लिहू नका म्हणून मी तीनदा सांगतलं होतं. तरी एकीनं पुढचीचं पाहून तिचं नावसुद्धा लिहून टाकलं.

मोठ्या मंडळींचंही तेच. चर्चचे एक एल्डर, म्हणजे कारभार पाहणारे वडीलधारे, आहेत, तुळशीराम साहेब, कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. "मी घरात रागावतो" या प्रश्नाले त्यांनी एक लिहिलं. बाजूले त्यांच्या बाई बसल्या होत्या. बाईंनी त्यांच्या हातातला पेन घेतला, एक खोडून चार केला अन् पेन परत दिला. साहेब रागावले. मग बाईंनी चारचा पाच केला.

आता एक गोष्ट फक्त तुमाले सांगते, आईले नका सांगू. गेटाबाहेर ट्रक तोलायच्या धरमकाट्यामागं एक चहाची टपरी आहे. परवा मी तिथं गेली, तर रस्त्याकडे पाठ करून तुळशीराम साहेब बसलेले. मले पाहून म्हणाले, बिस्किट घ्याले आलो होतो. त्यांच्या हातात ग्लास होता. मी म्हटलं, मीबी बिस्किटच घ्याले आली. मग आम्ही दोघं गरम गरम बिस्किटं प्यालो.

तिथं त्यांनी मले खरं काय ते सांगतलं. होस्टेलात पोट्ट्या दरसाल कमी होऊन राहिल्या, छत गळतं, म्हणून समिती होस्टेल बंद कराचं म्हणून राहिली. दोन मार्चले बैठक आहे. आमचा अहवाल पाहून ठरवणार. तेव्हा मले समजलं का तिग्गा मॅडमनं नाक काहून सांभाळलं. त्यांले वाटलं, नंबर कमी पडले का होस्टेल गेलं.

मोठ्या माणसांसाठी नवीन फॉर्म बनवला आहे. एक तुमाले पाठवते, भरून पाहा अन् कुठं अडलं ते सांगा.

तुमची,
चेतना


गोंदिया
दि. २५ जानेवारी २०२५

चि. चेतना हीस,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

फॉर्म भरून सोबत जोडला आहे. मी तुझ्या पोरींसारखा घाईत नाही. सुखाच्या प्रश्नांना पाच दिले व दुःखाचे प्रश्न ओळखून त्यांना एक दिला. एकही चूक नाही. शेवटी "या आठवड्यात तुम्ही कोणासोबत जेवलात" असे विचारले आहेस, तिथे "बाबाराव, सातही दिवस" असे लिहिले आहे.

तुझे कुठे चुकते ते सांगतो. तू प्रवाशाला "तिकीट आहे का" असे विचारतेस. त्याला तो हो म्हणणारच. मी कधीही तसे विचारले नाही. मी विचारायचो, "कुठून बसलात?" मग म्हणायचो, "तिथे आज पाऊस होता का?" माणूस मोठ्या गोष्टीत खोटे बोलायला तयार होऊन बसलेला असतो. बारक्या गोष्टीत त्याची तयारी नसते. तेव्हा सुखी आहेस का हे पोरींना विचारू नकोस. दिवस कसा जातो ते विचार. कुठली वेळ लवकर सरते, कुठली सरता सरत नाही, ते विचार. आणि कागद समोर धरू नकोस. कागद दिसला की माणूस सरळ बसतो.

त्या वॉर्डनबाईंवर रागावू नये. आपल्या डब्यातल्या माणसांसाठी खोटे बोलणारा आणि स्वतःसाठी खोटे बोलणारा यांत फरक असतो. दंड दोघांना सारखाच, पण पावती फाडताना हात वेगळा चालतो.

माझे उत्तम.

तुझा,
हिरालाल मामा


बीरगांव
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.

तुमचं म्हणणं लागू पडलं. फॉर्म कपाटात बंद करून मी चार दिवस नुसती पोट्ट्यांमध्ये बसली. त्या मागच्या अंगणात तांदूळ निवडतात, मीबी निवडते. अन् दोनच गोष्टी विचारते: आठवड्यातला सगळ्यात छोटा तास कोणता अन् सगळ्यात मोठा कोणता?

छोटा तास जवळपास सगळ्यांनी एकच सांगतला, अन् मले तो वाटला नव्हता. शुक्रवारी सूर्य मावळल्यावरचा. घंटा होते, सगळ्या आंघोळ करून, केस विंचरून हॉलात बसतात अन् गाणी म्हणतात. सहावीतली गोदू म्हणून एक चिमुरडी आहे, ती म्हणाली का त्या तासात तिले कोणीच काही शिकवत नाही. दुसरी म्हणाली, त्या वेळी तिग्गा मॅडमही आमच्यासारख्याच खाली बसतात. मामा, मले वाटलं होतं हे सब्तचं बंधन पोट्ट्यांले जड जात असंल. अहवालात तसं लिहायचं मी अर्धं ठरवूनही ठेवलं होतं. मी चुकली होती.

मोठा तास मात्र त्याच सब्तमधला. शनिवारी जेवण झाल्यावर, दुपारी दोन ते सूर्य मावळेपर्यंत. ती भेटाची वेळ आहे. रायपूर, दुर्ग, भिलाईच्या पोट्ट्यांचे आईबाप येतात, झाडाखाली चादर टाकून बसतात. ज्या लांबच्या आहेत, जशपूर, कांकेर, कोरब्याच्या, त्यांच्याकडे कोणी येत नाही. अशा तेवीस आहेत. त्या दिवशी अभ्यास नाही, खेळ नाही, कपडे धुणं नाही. बसून दुसऱ्यांच्या आया पाहाच्या. पिंकीचा बाप राखीपासून आला नाही. ती दर शनिवारी दोन वेण्या घालून, नवी ओढणी घेऊन गेटाजवळ उभी राहते. मी विचारलं तर म्हणाली, ती वॉचमनशी बोलाले जाते. वॉचमन म्हणाला, पोट्टी एक शब्द बोलत नाही.

तेवीस हा आकडा मी वहीत लिहिला अन् त्याखाली दोन रेघा ओढल्या. बासष्ट फॉर्ममध्ये जे नव्हतं ते तांदळात सापडलं.

अजून एक. काल आईशी फोनवर बोलली. ती म्हणाली, बाबाराव दिवाळीतच लेकीकडे भंडाऱ्याले गेले, घराले कुलूप आहे.

मामा, मग तुम्ही सातही दिवस कोणासोबत जेवले?

तुमची,
चेतना


बीरगांव
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र नाही. अकरा दिवस झाले. आईले फोन कराले लावला, तर तुम्ही तिले म्हणाले, "हाव, हाव, इकडेही थंडी आहे." म्हणजे तुम्ही आहा, एवढं कळलं. मी तसं लिहाले नको होतं का? पण तुम्हीच शिकवलं ना, फार ठीक सांगणाऱ्याकडे परत याचं.

इकडं एक झालं. तिग्गा मॅडम माझ्या खोलीत चादर द्याले आल्या अन् टेबलावरची वही त्यांनी वाचली. मी आत आली तर त्या खुर्चीवर बसलेल्या होत्या. रागावल्या नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तुमने सच लिखा है, बेटा। अब यही सच मेरी बच्चियों को घर भेज देगा।"

मग त्यांनी एकेकीचं सांगतलं. गोदूच्या गावात पाचवीनंतर शाळा नाही. पिंकी घरी गेली तर सकाळी बापाचा डबा अन् दिवसभर दोन लहान भाऊ, शाळा संपली. तेविसांपैकी कितीक परत कधी वही हातात धरणार नाहीत. त्या स्वतः याच होस्टेलात शिकल्या, त्यांनाही भेटाले कोणी येत नव्हतं. हे त्यांनी शेवटी, दारात उभं राहून सांगतलं.

आता मी काय करू? तेवीसचा आकडा लिहिला तर होस्टेल बंद होते, नाही लिहिला तर मीबी पाचपैकी पाच लिहिणारीच झाली. भार्गव सर म्हणतात, निष्कर्ष द्या, परिणाम आपलं काम नाही. सर शहरात राहतात. मले रोज या पोट्ट्यांच्या पंगतीत बसाचं आहे.

रागावले असाल तर रागावूनच लिहा.

तुमची,
चेतना


गोंदिया
१७ फेब्रुवारी

चेतना बेटा,
जय भीम.

हे पत्र मी तीनदा शुद्ध मराठीत लिहिलं अन् फाडलं. आता जसं येते तसं लिहून राहिलो.

मी कोणासोबत जेवलो नाही. बाबाराव दिवाळीपासून नाही. बुद्धिबळ मी दोन्हीकडून खेळतो अन् तरी हरतो. सकाळी कुकरात भात-डाळ लावतो अन् ओट्यापाशी उभ्यानं, पातेल्यातूनच खातो. बसत नाही. बसलो का समोरचा पाट दिसते. पँटी नव्या शिवाच्या आहेत हे खरं आहे, पण त्या ढिल्या झाल्या म्हणून.

दहा दिवस मी तुयावर रागावलो होतो. चौतीस वर्षं मी लोकायले पकडलं अन् मले एका पोट्टीनं गोंदियाले न येता पकडलं. मग राग गेला. मग बरं वाटलं, हे सांगाले लाज वाटते. फॉर्म परत भरून पाठवून राहिलो. शेवटच्या प्रश्नाले "कोणी नाही" लिहिलं आहे. माया सगळ्यात मोठा तास दुपारी पाऊण वाजता असते. तुयी मामी त्या वेळी जेवाले आवाज देत होती, अन् तो आवाज मले मशीन न लावता ऐकू येत होता.

आता तुयं काम. आकडा खरा लिही. पण कमिटीसमोर वाचाच्या आधी त्या वॉर्डनबाईले वाचून दाखव. सगळा. शुक्रवारचा तासही. त्यांले वाटते तू कमिटीले फक्त तेवीसचा आकडाच सांगणार. गाडीत मले कोणाले दंड कराचा असंल, तर त्याले आधी डब्याच्या दारापाशी नेऊन सांगत होतो. चारचौघांत सांगतलं का माणूस भांडते. दारापाशी सांगतलं का तो स्वतःच खिशात हात घालते.

अन् त्या कोरब्याच्या पोट्टीले शनिवारी कोणी येत नाही ना. मले शनिवारी कुठं जाचं नसते. गाडी माया ओळखीची आहे. या बावीसले येतो. तिले आधी विचारून घे, म्हाताऱ्याची अडचण नाही ना.

मामा


बीरगांव
सोमवार, ३ मार्च २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.

तुम्ही त्या शनिवारी गेल्यापासून इथं पोट्ट्या मोठ्यानं बोलून राहिल्या. तिग्गा मॅडमनं विचारलं तर म्हणे सवय लागली. पिंकीनं तुमच्या कानाशी तोंड नेऊन जे जे गुपित सांगतलं, ते पार धरमकाट्यापर्यंत गेलं. ती बापावर रागावली आहे, तिनं चार पत्रं लिहून फाडली, तिले गणितात काठावर पास व्हाची भीती आहे, हे आता ट्रकवाल्यांलेही माहीत आहे. अन् तुम्ही "हाव, हाव" म्हणत होते, ती तुमची जुनी सवय का खरं ऐकू येत होतं, ते मले समजलं नाही. तिले मात्र वाटलं का तुम्ही सगळं ऐकलं. त्याच दिवशी तिनं पाचवं पत्र लिहिलं, अन् ते टपालात टाकलं.

काल बैठक झाली. मी तुमच्या सांगण्याप्रमाणं आदल्या गुरुवारीच तिग्गा मॅडमले पूर्ण अहवाल वाचून दाखवला. शुक्रवारचा तास ऐकताना त्यांनी चष्मा काढून ओढणीनं पुसला, बराच वेळ. मग म्हणाल्या, तेवीस नाही, चोवीस कर. एक मागच्या आठवड्यात नवीन आली, तिची आई वारली आहे, ती तुझ्यापाशी बोलली नसंल. चूक त्यांनीच दुरुस्त केली.

बैठकीत पास्टर साहेब, समितीचे अकरा लोक अन् आमचे भार्गव सर, मागच्या ओळीत तिग्गा मॅडम अन् चर्चची काही मंडळी. सरांनी रंगीत आलेख आणले होते. पास्टर साहेबांनी ते सरळ-उलटे करून पाहिले अन् विचारलं का थोडक्यात सांगा, बच्चियां खुश हैं या नहीं? सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी त्या दोन तासांचं वाचलं, छोट्याचं अन् मोठ्याचं. चोवीसचा आकडा वाचला. एक जण म्हणाले, म्हणजे पोरी दुःखी आहेत, तर मग बंद करणंच बरं.

तेव्हा तिग्गा मॅडम उठल्या. मी त्यांचा आवाज एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. "पहला फॉर्म मैंने सिखाकर भरवाया था। गलती मेरी है। पर घर भेजने से ये तास छोटा नहीं होगा। वहां हर दिन यही तास होगा।" तास हा शब्द त्यांनी आपलाच घेतला, मराठीच.

मग तुळशीराम साहेब उभे राहिले. म्हणाले, बिस्किट खाता खाता या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी खाली पाहून बसली. म्हणाले, शनिवारी दुपारी आम्ही दोघं जेवतो अन् झोपतो, घरी टेबलाले सहा खुर्च्या आहेत, चार कशाले ठेवल्या ते आम्हालेही माहीत नाही. त्यांच्या बाई मागच्या ओळीतून म्हणाल्या का चार पोरी बसल्या तर हे रागावणारही नाहीत, लोकांसमोर ते रागावत नाहीत. सगळे हसले. साहेबही हसले, म्हणजे बाईंचं म्हणणं खरं ठरलं.

होस्टेल एक वर्ष चालू राहणार. चर्चमधली नऊ घरं दर शनिवारी दोन-दोन, तीन-तीन पोट्ट्यांकडे येणार, नाहीतर घरी जेवाले नेणार. छताचं पुढच्या बैठकीत. भार्गव सर परतताना गाडीत म्हणाले, पद्धत जरा ढिली होती, पण शोधनिबंध होईल. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

मी उद्या होस्टेल सोडते. येत्या शनिवारी सरांसोबत बिलासपूरले जाणं आहे, तर तुम्ही आले तर मी नसीन. गेटावर तिग्गा मॅडमले भेटा. याल ना?

तुमची,
चेतना


गोंदिया
रविवार, ९ मार्च २०२५

चेतना बेटा,
जय भीम.

काल गेलो होतो. सगळं सांगतो.

संत्र्यांची पिशवी घेऊन दोन वाजता गेटावर पोचलो. पिंकी नेहमीच्या जागी नव्हती. वॉचमननं झाडाकडे बोट दाखवलं. झाडाखाली तिचा बाप बसला होता, डोक्याले गमछा, हातात पोट्टीची गणिताची वही, उलटी धरलेली. पत्र पोचलं होतं. तो दोन गाड्या बदलून आला होता. पिंकी एक मिनिट गप्प बसत नव्हती, अन् त्याच्याशी मोठ्यानं बोलून राहिली होती. तो बिचारा कान मागं घेत होता, त्याले तर सगळं नीट ऐकू येते.

खरं लिहितो. मले वाईट वाटलं. चांगलं झालं हे समजत होतं, तरी वाटलं. तीन तास गाडीत मी तिले सांगाच्या गोष्टी जमवत आलो होतो. मी तसाच मागच्या मागं फिरलो, का चारची गाडी मिळते. पण पिंकीनं पाहिलं. पळत आली, बापाले ओढत आणलं, अन् माया समोर उभं केलं. त्या माणसानं माये दोन्ही हात धरले अन् काही बोलला. काय बोलला ते मले ऐकू आलं नाही. पण त्यानं हात सोडले नाही, म्हणून मी समजलो. त्याले अर्धी संत्री देली.

मग मी म्हटलं, आता आपलं काम संपलं. तेवढ्यात तिग्गा मॅडम रजिस्टर घेऊन आल्या, भेटीची नोंद सब्तलेही चालते म्हणे. तुया चोवीसपैकी काल अठरा पोट्ट्यांकडे कोणी ना कोणी आलं होतं. तुळशीराम साहेब चार घेऊन गेले होते. सहा उरल्या होत्या, त्या व्हरांड्यात ओळीनं बसल्या होत्या. मॅडमनं मले विचारलं, किसके लिए लिखूं? मी त्या सहांकडे पाहिलं. तुयी ती सहावीतली गोदू उठली, मायाजवळ आली, मले वरून खालपर्यंत पाहिलं, पिशवीत डोकावली, अन् बाकीच्या पाचींकडे वळून मान हलवली. मी पास झालो, असं मले वाटते.

मॅडमनं रजिस्टर मायापुढं केलं. नाव, गाव, येण्याची वेळ, मी सगळं भराभर लिहिलं. चौतीस वर्षं चार्ट भरले आहेत. पुढं एक रकाना होता, मुलीशी नातं. तिथं पेन थांबला. पोट्टीचं मले आडनावही माहीत नाही. मॅडम वाट पाहत उभ्या राहिल्या.

गोदूनं माया कोपरापाशी डोकं घालून तो रकाना वाचला. मग सगळ्यांले ऐकू जाईल अशा आवाजात, माया कानात म्हणाली, "मामा लिखिए न। जल्दी, सब संतरे खाने बैठ गए हैं।"

म्हणून तसं लिहिलं अन् आत जाऊन पंगतीत बसलो.

मामा